गळती शून्य

"हे कुणी केलं?" दवाखान्यातल्या मशीनवाल्या बाईंनी विचारलं.

वायसर खुर्चीत ताठ बसला. हा प्रश्न कधीतरी येणार हे त्याला माहीत होतं. खरं सांगायचं तर गेले दहा दिवस तो याच प्रश्नाची वाट बघत होता. "मीच केलंय, मॅडम," तो म्हणाला. "जवळून बघा. कुठं फुगवटा दिसतो का?"

फुगवटा दिसत नव्हता, हे अगदी खरं. बाईंनी मास्क खिडकीपाशी नेऊन, तिरका धरून दोनदा पाहिला तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं होतं. नाकावर बसणाऱ्या त्या इवल्याशा मास्कला पुढच्या बाजूने बारीक भोकांचं एक कडं असतं. सुईचं टोक जेमतेम जाईल एवढी भोकं, मोजून सव्वीस. वायसरने ती सगळी पारदर्शक सिलिकॉनने बुजवली होती. दात कोरायच्या काडीने एकेक भोक भरलं होतं, रात्रभर वाळू दिलं होतं आणि सकाळी ब्लेडने वरचा भाग असा तासला होता की माल कारखान्यातूनच तसा आला आहे असं वाटावं.

चाळीस वर्षं पंप दुरुस्त केलेल्या माणसाच्या हातचं काम होतं ते. वायसर हे काही त्याचं नाव नव्हतं, पण आता बायकोलासुद्धा खरं नाव आठवायला क्षणभर थांबावं लागे. कुणाचाही पंप, कुणाचाही नळ, कितीही जुनी गळती असो, हा पठ्ठ्या मान वाकडी करून ऐकायचा, खिशातून एखादा वायसर काढायचा आणि म्हणायचा, "बंद." आणि गळती बंद व्हायची. एखाद्या पाइपातून पाण्याचा एक थेंब नको तिथून गेला तर त्याला स्वतःच्या अंगातून गेल्यासारखं वाटे. असा माणूस. त्याच्या तोंडावर डॉक्टरांनी वारा सोडणारं मशीन बांधलं.

घोरणं त्यांच्या घराण्यातच होतं. माना आखूड आणि जाड. झोपेत वायसरचा श्वास तासाला चाळीस वेळा बंद पडतो, असं तपासणीत निघालं तेव्हा तो हसला होता. चाळीस वेळा बंद पडणारा पंप त्याने भंगारात काढला असता. मग मशीन आलं. त्यातून वारा नळीने नाकात येतो, घशातली ढिली जागा उघडी धरतो, की श्वास अडत नाही. एवढं त्याला लगेच पटलं. पटला नाही तो त्या वाऱ्याचा चुकारपणा. रात्री सुरुवातीला दाब कमी असे, झोप लागली की मशीन आपलं आपण तो वाढवी, आणि दाब वाढला की मास्कच्या कडा उचलल्या जात. कधी उजव्या डोळ्यात वारा, कधी गालापाशी शिट्टी. पट्टे आवळले तर सकाळी गालांवर वळ. ढिले केले तर परत शिट्टी. बाईंनी तीन मापं बदलून पाहिली, पट्टा वरून कसा आणि खालून किती ओढायचा ते शिकवलं, आणि एकदाच्या कडा नीट बसल्या. तरीही पुढून एक बारीक झोत येतच राहिला. तो नेमका बायकोच्या मानेवर जायचा. "माझ्या मानेत लचक भरली तुमच्या त्या वाऱ्यानं," ती म्हणाली. मग एका सकाळी वायसरने चष्मा लावला, मास्क उजेडात धरला आणि त्याला चोर सापडला. एक नाही, सव्वीस चोर.

भोकं बुजवल्यानंतरच्या पहिल्या सकाळी मशीनच्या पडद्यावर हिरवा हसरा चेहरा आला. गळती शून्य. त्याने तो बायकोला बोलावून दाखवला होता.

आणि आता या मॅडम हसत नव्हत्या. त्या उठल्या, त्यांनी दार लोटून घेतलं आणि त्याच्यासमोर येऊन बसल्या.

"काका, सकाळी उठल्यावर डोकं दुखतं?"

"थोडंसं. पित्ताचं असेल."

"कधीपासून?"

वायसरने मनात हिशेब केला आणि त्याला तो आवडला नाही. "दहाएक दिवस," तो म्हणाला.

"ही भोकं तुटकी नव्हती, काका. ती ठेवलेली असतात. मशीन एकाच नळीतून हवा आत ढकलतं. मग तुम्ही सोडलेला श्वास कुठून जाणार? तो या भोकांतून बाहेर जातो. ही गळती हिशेबात धरलेली असते. तुम्ही ती बंद केलीत, म्हणजे तुम्ही दहा रात्री स्वतःचाच वापरलेला श्वास परत परत आत घेताय."

वायसर मास्ककडे बघत राहिला. हात त्याच्या मांडीवर होते, ते त्याला परक्याचे वाटले. चाळीस वर्षांत पंप त्याला नेहमी एकाच दिशेने माहीत होता. पाणी इकडून घ्यायचं, तिकडे पाठवायचं. घेतलेलं त्याच वाटेने परत बाहेर टाकणारा पंप त्याने कधी पाहिला नव्हता, आणि असा एक आपल्या छातीत साठ वर्षं चालू आहे हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना? भोकांना हात लावायचा नाही म्हणून?" बाईंचा आवाज जरा चिरकला. "सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं असेल, मॅडम. मी त्या वेळी मशीनची मोटर कुठं असेल त्याचा विचार करत होतो."

"नशीब तुमचं, की हा नुसता नाकाचा मास्क आहे. झोपेत गुदमरलात की तुमचं तोंड उघडत असणार. त्यामुळे वाचलात."

वायसरने मान हलवली. मग ती मधेच थांबली.

"आणि तोंडपण झाकणारा असला तर?" त्याने विचारलं.

"तर काय?"

"नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क. त्याची भोकं बुजवली तर?"

"काका, असं कुणी..." बाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "कुणाचा मास्क?"

"अक्काचा," वायसर म्हणाला. तो केव्हाच उभा राहिला होता.

अक्का त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो सहाचा होता आणि ती पंधराची. तिने शाळा सोडून टेलिफोनच्या कार्यालयात नोकरी धरली, त्याला वाढवलं, अभ्यासात त्याचं डोकं चालत नाही हे बघून पंपाच्या कारखान्यात चिकटवलं, आणि तो पहिला पगार घेऊन आला त्या दिवशी आनंदाने खोलीभर नाचली. मशीनही तिलाच आधी मिळालं. ती तोंड उघडं टाकून झोपायची, म्हणून तिला मोठा मास्क. गेल्या रविवारी वायसर सिलिकॉनची नळी खिशात घालून तिच्याकडे गेला होता. सांगायला गेला होता की तुझ्या मास्कमध्येसुद्धा चोर आहेत.

"अरे, डॉक्टरांना विचारलंस का?" अक्का म्हणाली होती.

"डॉक्टरला गळतीतलं काय कळतंय?"

"तेही खरंच." ती हसली होती आणि तिने मास्क त्याच्या हातात दिला होता. "पण सगळी बुजवू नकोस हं. तो सूं सूं आवाज नसला तर मला झोप लागायची नाही." म्हणून त्याने निम्मीच बुजवली.

सोमवारपासून अक्का दिवसासुद्धा पेंगायला लागली. भाच्याने डॉक्टरांना फोन केला. मशीन आपले आकडे आपणच दवाखान्याला पाठवतं. डॉक्टरांनी ते पाहिले, मास्क काही पाहिला नाही, आणि उपचार कमी पडतोय असं समजून दाब नऊवरून बारावर नेला. दाब वाढला तशी उरलेली भोकं शिट्टी वाजवायला लागली. काल सकाळी वायसर पुन्हा गेला होता आणि उरलेलीही बंद करून आला होता. अक्का तेव्हा अर्धवट झोपेतच होती. "तू म्हणतोस तर कर बाबा," एवढंच म्हणाली होती.

हे सगळं त्याने बाईंना सांगितलं की नुसतं त्याच्या डोक्यातून गेलं, हे त्याला नंतर कधी आठवलं नाही. बाई फोनवर रुग्णवाहिका मागवत होत्या. "पत्ता सांगा, काका. घर नंबर?"

वायसरला घर नंबर आठवेना. तीस वर्षं ज्या घरी तो दिवसाआड जात होता, ज्या घराचा प्रत्येक नळ त्याने बसवलेला होता, त्याचा नंबर त्याच्या तोंडात येईना. "पाण्याच्या टाकीमागं," तो म्हणाला. "निळं दार. निळं दार म्हणून सांगा."

त्याने भाच्याला फोन लावला. भाचा शहराबाहेरच्या गोदामात कामाला होता, मागे गाड्यांचा आवाज होता. "झोपलीय ती, मामा. जेवून मशीन लावून झोपते म्हणाली. का हो?"

"घरात कोण आहे?"

"कुणी नाही. ही शाळेत गेलीय शिकवायला. झालं काय?"

वायसरने उत्तर न देताच फोन खिशात टाकला आणि तो जिन्यावरून धावत सुटला.

दवाखान्यापासून अक्काच्या घरापर्यंत स्कूटरने दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं त्याने कशी काढली, देव जाणे. एका चौकात त्याने दिवा लाल असताना गाडी घातली आणि एका ट्रकवाल्याने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तो त्याला ऐकूही आला नाही. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. कालचं काम चांगलं झालं होतं. फार चांगलं झालं होतं. कुठूनही एवढीशीही हवा जायची नाही, याची त्याने स्वतः ओठ लावून खात्री केली होती. आयुष्यात पहिल्यांदा तो आपलं काम कच्चं निघावं म्हणून प्रार्थना करत होता.

निळ्या दाराला आतून कडी होती. त्याने थापा मारल्या, हाका मारल्या. शेजारच्या म्हाताऱ्या बाई गॅलरीत आल्या.

"अहो, झोपल्यात त्या. तीन दिवस झाले, नुसत्या झोपूनच असतात. वय झालं आता. काल मला विचारत होत्या, आज टपाल आलं का म्हणून. टपाल कुणाला येतंय हल्ली?"

अक्का वेडी झाली नव्हती, म्हातारी झाली नव्हती. तिला त्याने असं केलं होतं.

त्याच्या खिशात पक्कड होती, स्क्रू-ड्रायव्हर होता. धीर धरला असता तर खिडकीची काच पट्ट्या काढून सलग उतरवता आली असती. चाळीस वर्षांत त्याने गंजलेला बोल्टसुद्धा कधी ठोकून काढला नव्हता. त्याने कोपर मारून काच फोडली आणि आत हात घालून कडी ओढली. हाताला काच लागली ते त्याला संध्याकाळी कळलं.

आतल्या खोलीत काही आवाज नव्हता. शिट्टी नाही, सूं सूं नाही. मशीनवरचा बारीक दिवा तेवढा चालू होता. अक्का उताणी पडली होती. चेहरा काळानिळा असेल या भीतीने तो दारातच अडखळला होता, पण चेहरा लालसर होता, घामाने डबडबलेला, ताप चढल्यासारखा. छाती हलत होती का? हलत होती. पण ती फार थोडी हलत होती, आणि दोन हलण्यांच्या मध्ये त्याचे स्वतःचे प्राण कंठाशी येत होते.

त्याने मास्कला हात घातला. पट्ट्याची कळ निघेना. ज्या बोटांनी सव्वीस भोकं भरली त्या बोटांना एक कळ निघेना. शेवटी त्याने पट्टाच ओढून डोक्यावरून काढला, तिचे पांढरे केस त्यात अडकून तुटले.

"अक्का! अक्का, ऊठ!"

काही नाही. त्याने तिच्या गालावर चापट मारली. मग आणखी जोरात मारली. ज्या बहिणीपुढे त्याने कधी आवाज चढवला नव्हता, तिला तो मारत होता आणि रडत होता. चौथ्या की पाचव्या चापटीला तिच्या पापण्या किलकिल्या झाल्या. तिने त्याच्याकडे पाहिलं, पण ओळखून पाहिलं नाही.

"लाइन लागली का हो?" ती जड जिभेने म्हणाली. टेलिफोनच्या कार्यालयात बसली होती ती, चाळीस वर्षांमागच्या खुर्चीवर. मग डोळे परत मिटले.

जिन्यावर स्ट्रेचरचा खडखडाट ऐकू आला तेव्हा वायसरने एक गोष्ट केली. मास्क उचलला आणि खिशात घातला. का घातला ते त्याला त्या वेळी कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हात आपोआप गेला, एवढंच.

रुग्णालयात दोन दिवस अक्काला वेगळ्या मशीनवर ठेवलं. रक्तात घाण हवा साठली होती, ती हळूहळू कमी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सुनेला ओळखलं आणि पाणी मागितलं. वायसरचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्यापडल्याच तो परत वर आला. कारण भाच्याने भर वॉर्डात येऊन त्याला मिठी मारली होती.

"मामा, तुम्ही नसता तर आज आई नसती." चांगला सहा फुटी माणूस, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत होता. "डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर... मामा, तुम्हाला कळलं कसं?"

"असंच," वायसर म्हणाला. "वाटलं जरा."

हे शब्द आपल्या तोंडून आले यावर त्याचा विश्वास बसेना. भाच्याचा मात्र लगेच बसला. सून फोनवर सगळ्या नातेवाइकांना सांगत होती, मामांना आतून जाणवलं हो, रक्ताचं नातं असतं शेवटी. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको त्याच्याकडे भक्तिभावाने बघत होती. नर्सने त्याच्या हातावरची काचेची जखम पुन्हा बांधताना त्याला काका न म्हणता बाबा म्हटलं. वायसरला वाटलं, उठावं आणि पळून जावं.

घरी गेल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती पीठ मळत होती, तिचे हात तसेच परातीत राहिले.

"मीच म्हटलं होतं ना, मानेला वारा लागतो म्हणून," ती शेवटी म्हणाली.

"तुझं काय त्यात?"

"त्यांना सांगू नका," ती म्हणाली. "वन्सं वाचल्या ना? मग झालं तर. आता सांगून काय मिळणार? तो पोरगा जन्मात तोंड बघायचा नाही तुमचं."

वायसरलाही हेच ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर त्याला ते मुळीच आवडलं नाही. संध्याकाळी मशीनवाल्या बाईंचा फोन आला. अक्काच्या फाइलमध्ये मास्कची नोंद करायची आहे, तो कुठे आहे म्हणून त्या विचारत होत्या. घरच्यांना सापडत नाही म्हणे. वायसरचा हात खिशातल्या मास्कवर गेला.

"काका, मला लिहावं लागेल," त्या म्हणाल्या. "माझी चूकही लिहिणार आहे मी. पहिल्या दिवशी मी अकरा पेशंट एकदम बसवून शिकवलं होतं, कुणाला काय समजलं ते एकेकाला विचारलं नाही. पण घरच्यांना माझ्याकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं. उद्या चारला मी वॉर्डात येतेय, नवा मास्क बसवायला."

दुसऱ्या दिवशी चार वाजता वायसर वॉर्डात पोचला तेव्हा आत वादावादी चालली होती. अक्का उशीला टेकून बसलेली होती, बाईंनी तिच्या तोंडावर नवा मास्क बसवला होता आणि दाब कमी ठेवून मशीन सुरू केलं होतं. भाचा खाटेशेजारी उभा राहून तावातावाने बोलत होता.

"काढा ते. आत्ताच्या आत्ता काढा, मॅडम. त्या मशीननंच मारलं होतं तिला."

"मशीनशिवाय त्यांचा श्वास झोपेत बंद पडतो. त्यांना याची गरज आहे."

"बंद पडायचा तो पडू दे! इतकी वर्षं घोरत होती, कधी काही झालं नाही. हे डबडं आणलं आणि महिन्यात बेशुद्ध. मी घरी गेलो की पहिलं काम, ते फोडून टाकणार आहे. मामा, तुम्ही सांगा यांना. तुम्हाला मशीनमधलं कळतं. तुमचं मी ऐकेन."

सगळे वायसरकडे बघायला लागले. भाचा, सून, नर्स, शेजारच्या खाटेवरचे. बाई मात्र खाली बघत मास्कचा पट्टा सारखा करत राहिल्या. त्याला दोन गोष्टी एकदम स्वच्छ दिसल्या. आपण मशीन चांगलं आहे एवढं नुसतं म्हटलं तर भाचा ऐकणार नाही. कारण मग आईला झालं काय, हे तो विचारणारच. आणि आपण गप्प राहिलो तर अक्का घरी जाईल, मशीनशिवाय झोपेल, आणि एखाद्या दिवशी तिचा अडलेला श्वास सुटणारच नाही. पहिल्या खेपेला निदान तिने त्याच्यावर विश्वास टाकला होता. या वेळी ती झोपेतच असेल.

त्याने खिशात हात घातला आणि जुना मास्क काढून खाटेवर ठेवला.

"मशीनचा दोष नाही," तो म्हणाला. "मशीन चांगलंय. मी याची भोकं बुजवली होती."

"कसली भोकं?" भाचा म्हणाला.

"श्वास बाहेर जायची. मला वाटलं गळती आहे. मी सिलिकॉन भरलं. रविवारी निम्मी आणि गुरुवारी उरलेली. अक्का म्हणाली होती डॉक्टरांना विचार. मी विचारलं नाही." तो थांबला नाही, थांबलो तर परत सुरू व्हायचं नाही हे त्याला माहीत होतं. "मला आतून काही जाणवलं नव्हतं. या मॅडमनी सांगितलं तेव्हा मला कळलं. मग पळत आलो."

भाच्याने मास्क उचलला. उजेडात धरला. त्याला काही दिसेना. दिसेल असं ते कामच नव्हतं. मग त्याने भोकांच्या कड्यावरून अंगठा फिरवला आणि तो तिथेच थांबला.

"दोन दिवस मी सगळ्या जगाला सांगत सुटलोय," तो अगदी हळू म्हणाला. ओरडला असता तर वायसरला बरं वाटलं असतं. "मामांमुळे आई वाचली, मामांमुळे आई वाचली. आणि तुम्ही ऐकत होता. तुम्ही इथं या स्टुलावर बसून ऐकत होता, मामा."

"हो."

"बाहेर व्हा तुम्ही."

सुनेने तोंडावर हात धरला होता. शेजारच्या खाटेवरच्या बाईने मान फिरवली. वायसरने मान डोलावली. सांगायचं ते सांगून झालं होतं आणि भाचा म्हणत होता त्यात काही वावगं नव्हतं. तो वळला. दार आठ-दहा पावलांवर होतं.

मागून खाट करकरली.

अक्काला बोलता येत नव्हतं. मास्क लावून तोंड उघडलं की वाराच आत शिरतो. मास्कच्या वर दिसणारे तिचे डोळे ओले होते, की नुसतेच म्हातारे होते, ते त्याला एवढ्या लांबून कळलं नाही. तिने एक हात गादीवर टेकवला, दुसऱ्या हाताने पांघरूण बाजूला सारलं आणि दोन्ही पाय, एकामागून एक, सावकाश वर ओढून घेतले. तेवढ्यानेही तिला धाप लागली. खाटेच्या पायथ्याशी एक माणूस बसेल एवढी जागा झाली.

भाचा बघत राहिला. बाईंनी मास्ककडे पाहिलं, कड नीट बसली आहे याची खात्री केली आणि हात काढून घेतला.

वायसर परत आला आणि त्या जागेवर, तिच्या पायांना धक्का लागू नये अशा बेताने, अंग चोरून बसला.